सांगावा आणि तगादा



आजचा विषय कानाला फार लहान वाटेल. एखाद्या संस्थेने आपल्या सभासदांना ठराविक मुदतीने जी आठवण द्यायची असते, ती माणसाऐवजी यंत्राकडून देववली तर काय होते, एवढाच तो प्रश्न आहे. पण तुमच्यापैकी कोणीही या घटकेला खिशातला मोबाईल उघडून पाहावा. विजेचे बिल, विम्याचा हप्ता, पतसंस्थेची सभा, नातवाची लस, कधीकाळी नाव नोंदवलेल्या दुकानाचा सेल, या साऱ्यांच्या आठवणींची तिथे जत्रा भरलेली दिसेल. त्यातल्या बहुतेक कोणा माणसाने लिहिलेल्याच नसतात.

आपल्या भाषेत या कामासाठी दोन जुने शब्द आहेत. एक सांगावा आणि दुसरा तगादा. सांगावा ज्याला धाडला त्याच्या कामाचा असतो, तगादा ज्याने लावला त्याच्या. गंमत अशी की दोन्हींतले शब्द पुष्कळदा एकच असतात. ‘उद्या शेवटची तारीख आहे’ हे वाक्य दोन्हीकडे चालते. मग फरक पडतो कशाने? माझ्या मते तो तीन गोष्टींनी पडतो: सांगणारा ओळखीचा आहे का, तो किती वेळा सांगतो, आणि त्याला उलट विचारता येते का.

दवंडी ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे चटकन पटेल. कोतवाल वाजवत यायचा, चौकात उभा राहायचा, मोठ्याने सांगायचा आणि पुढे जायचा. तो गावचाच माणूस असल्यामुळे खोटी दवंडी पिटण्याची सोय नव्हती. रोज उठून तो वाजवत नसे, म्हणून वाजले की माणसे हातातले काम टाकून कान देत. आणि मुख्य म्हणजे त्याला थांबवता येत असे. आपल्या हिंगणीला बोर धरण जवळ. कालव्याच्या पाण्यावर ज्यांची शेती आहे त्यांना ‘पाणी सुटणार’ एवढे ऐकून भागत नाही. केव्हा सुटणार, किती दिवस राहणार, अर्ज कोणाकडे द्यायचा, हे विचारावेच लागते. कोतवालाला ठाऊक असले तर तो तिथेच सांगे, नसले तर ज्याला ठाऊक आहे त्याचे नाव सांगे.

पुढे टपाल आले. आपल्या देशात पोस्टकार्ड १८७९ साली निघाले, किंमत पाव आणा. वर्गणीवर चालणाऱ्या नियतकालिकांना आणि ग्रंथालयांना ही मोठीच सोय झाली. ‘या अंकाबरोबर आपली वर्गणी संपत आहे’ असे कार्ड व्यवस्थापक हाताने लिहून धाडीत. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. कार्डाला पैसे पडत आणि लिहिणाऱ्याचे मनगट दुखे. म्हणून एकाच वर्गणीदाराला महिन्यात दहा कार्डे जाणे शक्यच नव्हते. संयम हा त्या काळच्या लोकांचा सद्गुण होता असे आपण समजतो, पण त्यातला निम्मा तरी मनगटाचा होता!

(पत्त्यावरून आठवले. गांधीजी १९३६ साली आपल्या जिल्ह्यातल्या सेगावात राहायला गेले. पण बुलढाण्याकडच्या शेगावशी नावाचा घोटाळा होऊन टपाल चुकू लागले, म्हणून १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम झाले. एका आठवणीने दुसऱ्याच घरी जाऊ नये म्हणून गावाचे नाव बदलावे लागले. आज तर फोन नंबर एकाचा सुटून दुसऱ्याला मिळतो आणि आधीच्या माणसाचे हप्ते नव्याला कळत राहतात.)

आता यंत्राकडे वळू. संगणकात या कामासाठी एक गडी ठेवलेला असतो. त्याचे जुने आणि प्रसिद्ध नाव ‘क्रॉन’. काळासाठी जो ग्रीक शब्द आहे, त्यावरून ते आलेले आहे. या गड्याजवळ एक तक्ता असतो. तक्त्याच्या प्रत्येक ओळीत पाच रकाने: मिनिट, तास, महिन्यातली तारीख, महिना आणि वार. त्यांच्यापुढे करायचे काम लिहिलेले असते. गडी दर मिनिटाला उठतो, घड्याळ पाहतो, तक्ता पाहतो, आणि दोन्ही जुळले की काम करून टाकतो. ‘दर महिन्याच्या १ तारखेला सकाळी ९ वाजता सर्व सभासदांना आठवण पाठव’ एवढे एकदा लिहून ठेवले की झाले. असा सालदार कोणत्याही शेतकऱ्याला मिळायचा नाही. तो आजारी पडत नाही, सण मागत नाही, विसरत नाही. पण त्याला एवढेच येते. हजार लोकांना निरोप धाडायला त्याला जवळजवळ काही खर्च नाही आणि मनगट तर नाहीच. ज्याच्या नावाने आठवण जाते तो गाव सोडून गेला, की जगच सोडून गेला, याची त्याला वार्ता नसते. वडील गेल्यावर वर्षवर्षभर त्यांच्या नावाने आठवणी येत राहिलेली घरे या सभेत असतील. त्यात दुष्टपणा कोणाचाच नसतो. यादीतून नाव काढण्याचे काम कोणाकडे दिलेले नसते, इतकेच.

मग आठवणी बंद कराव्यात का? मुळीच नाही. त्यांचा गुण तपासून पाहिलेला आहे. लस, औषध या बाबतीत जगभर पुष्कळ प्रयोग झाले, आणि आठवण दिल्याने लस घेणाऱ्यांची संख्या वाढते हे सिद्ध झाले आहे. पण खरा बोध केनिया देशातल्या दोन प्रयोगांतून मिळतो. दोन्हींतले रुग्ण एचआयव्हीवरची औषधे घेणारे होते. ही औषधे चुकवून चालत नाहीत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काहींना रोज संदेश पाठवला, काहींना आठवड्यातून एकदा, काहींना मुळीच नाही. आठवड्याला एक संदेश मिळणाऱ्यांपैकी ५३ टक्के लोकांनी औषध नेमाने घेतले, काहीच न मिळणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांनी. आणि रोज मिळणाऱ्यांचे काय? त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. रोजच्या घंटेला कान सरावतो. देवळाशेजारी राहणाऱ्याला पहाटेची घंटा ऐकू येत नाही, तसलाच हा प्रकार.

दुसरा प्रयोग त्याच्या आदल्या वर्षीचा. त्यात आठवड्याला एकच संदेश जाई आणि त्यात औषधाचे नावही नसे. स्वाहिली भाषेत फक्त ‘मांबो?’ म्हणजे ‘कसं काय?’ एवढेच. रुग्णाने दोन दिवसांच्या आत उत्तर द्यायचे: ‘सावा’, म्हणजे ठीक आहे, किंवा ‘शिदा’, म्हणजे अडचण आहे. अडचण म्हणणाऱ्याला आणि उत्तर न देणाऱ्याला दवाखान्यातून माणूस फोन करी. इथेही औषध नेमाने घेणारे वाढले. माझ्या मते त्या एका शब्दाचे सामर्थ्य पलीकडे माणूस बसलेला होता यात आहे.

योग्य वेळेविषयी मात्र केनियापर्यंत जायला नको. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या सुमारास खेड्यांसाठी आरोग्य विम्याची योजना काढली, तिची वर्गणी ज्वारीच्या रूपाने घेतली जाई. वर्षातून एकदा, सुगीच्या वेळी. ज्या दिवसांत घरात दाणा आहे त्याच दिवसांत मागणी. आषाढात, कणगी रिकामी असताना, वर्गणीची आठवण करून देणे म्हणजे नुसते लाजवणे झाले असते. आपला यंत्रातला गडी १ तारीख ओळखतो, सुगी ओळखत नाही. ती त्याला तक्त्यात लिहून द्यावी लागते, आणि लिहिणारा माणूस गावचा असावा लागतो.

कायद्यानेही या बाबतीत एक चांगले उदाहरण घालून दिले आहे. बँकेच्या कार्डातून दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीबाबत रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून अमलात आला. त्याप्रमाणे पैसे कापण्यापूर्वी निदान २४ तास बँकेने खातेदाराला कळवायचे: कोणाला जाणार, किती जाणार, कोणत्या तारखेला, कशासाठी. आणि त्याच निरोपात नको म्हणण्याची सोय ठेवायची. किती साधी गोष्ट! पण तिच्यामुळे तगाद्याचा सांगावा झाला. तुम्ही सभासद आहात याची आठवण तुम्हाला सोडून जाण्याच्या वाटेसकट मिळू लागली. कित्येक संस्थांना नेमकी ही वाट दाखवायची भीती वाटते. मला वाटते, ज्या संस्थेला आपले सभासद केवळ विसरभोळेपणाने टिकून आहेत अशी शंका येते, तिने आठवणीची नव्हे, आपल्या कामाची चिंता करावी.

आता ज्यामुळे हा विषय आज जिवावर बेतणारा झाला आहे, ते सांगतो. आठवणींच्या या गर्दीत चोर शिरले. ‘मागचे बिल भरले नाही, आज रात्री वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा’ असा निरोप गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात हजारोंना आला आणि घाबरून फोन करणाऱ्यांची खाती रिकामी झाली. महावितरण असा निरोप कोणाच्या खाजगी मोबाईल नंबरवरून कधीच पाठवत नाही, हे कंपनीने वारंवार जाहीर केले आहे. पण ऐकणाऱ्याची अवस्था कशी होते पाहा. काहीजण खोट्याला खरे मानून लुबाडले जातात. बाकीचे सगळ्यालाच खोटे मानू लागतात, आणि मग दर नोव्हेंबरात पेन्शनवाल्याने द्यायचा हयातीचा दाखला राहून जातो, नि पुढे पेन्शन अडते. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण पोरांना सांगतो. इथे ओरडणारा पोर एक नाही, शेकडो आहेत, आणि लांडगाही त्यांच्यातच मिसळून ओरडतो आहे.

जाहिरातींचा त्रास होत असेल तर १९०९ या क्रमांकावर ‘स्टार्ट’ हा इंग्रजी शब्द आणि पुढे शून्य असा संदेश पाठवून त्या थांबवण्याची विनंती करता येते. हे पुष्कळांना ठाऊक नसते म्हणून सांगितले.

राहता राहिला आपल्या मंडळांचा प्रश्न. वाचनालय असो, बचत गट असो, शेतकऱ्यांचा गट असो, यंत्राने आठवण जरूर पाठवा. मजकूर मी असा ठेवीन: ‘आपण आमच्या वाचनालयाचे २०१९ पासून सभासद आहात. वर्षाची वर्गणी अमुक रुपये, मुदत ३१ मार्च. ही आठवण वर्षातून दोनदाच येईल. अडचण असल्यास संध्याकाळी वाचनालयात या किंवा या क्रमांकावर बोला. सभासद राहायचे नसल्यास ‘नको’ एवढे कळवा.’ पैसे भरण्याचा दुवा त्यात घालू नये, म्हणजे दुवा असलेला निरोप आला की तो आपला नव्हे हे सभासदाला कळेल. आणि ‘नको’ म्हणणाऱ्याचे नाव त्याच दिवशी यादीतून काढावे. हे काम गड्यावर सोपवू नये. चिटणिसाने महिन्यातून एकदा वही घेऊन बसावे, कोण गेले, कोणाचा नंबर बदलला, कोणी उत्तर दिले नाही, ते पाहावे, आणि उत्तर न देणाऱ्यांपैकी जो जवळ राहत असेल त्याच्या घरावरून एकदा जाऊन यावे.