खंड म्हणजे अखेर नव्हे
(मालगुंड येथे दहावीचे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यापुढे एका शाळामास्तरांनी केलेले भाषण)



परीक्षा जवळ आली की घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो, "पोर पास होईल ना?" प्रश्न रास्त आहे. परंतु या दहा वर्षांत पोर वाढले किती, हे मात्र कोणी विचारीत नाही. अंगाने वाढले ते दिसतेच. समजुतीने, धीराने, स्वतःच्या विचाराने किती वाढले?

आपण भाताची माणसे. तरवा काढून खाचरात लावला की रोप चार दिवस पिवळे पडते. म्हणून ते मेले असे समजून कोणी उपटून टाकतो काय? आपण पाणी राखतो व थांबतो. मग पोर एका परीक्षेत अडले की लगेच मुलगा होडीवर नि मुलगी बोहल्यावर, हा न्याय कोठला?

आपल्याच गावचे उदाहरण घ्या. कवी केशवसुत, म्हणजे कृष्णाजी केशव दामले, १८६६ साली या मालगुंडात जन्मले. वडील शाळामास्तर. शिक्षणासाठी या मुलास बडोदे, वर्धा, नागपूर, पुणे अशी गावे पालथी घालावी लागली. मॅट्रिक पास झाले ते १८८९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी! आज तेवीस वर्षांचा मुलगा दहावीस बसला तर आपण त्यास हसू. पण आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून महाराष्ट्र त्यांनाच ओळखतो, आणि त्यांचे स्मारक आपल्या गावात उभे आहे.

दुसरे उदाहरण जोतीराव फुले यांचे. माळ्याचे पोर. लोकांच्या सांगण्यावरून वडिलांनी त्यांस शाळेतून काढले व मळ्यात कामास लावले. त्या काळच्या चालीप्रमाणे लग्नही झाले. शाळा संपली असेच सर्वांस वाटले असेल. परंतु शेजारचे गफारबेग मुनशी व लिजिटसाहेब या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ साली जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाले. १८४७ साली ते शिक्षण पुरे झाले. १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढली. दोन शेजाऱ्यांनी तोंड उघडले नसते तर ती शाळा निघाली असती काय?

तेव्हा मंडळी, शेजारचे पोर शाळा सोडीत असेल तर "आपल्याला काय त्याचे?" म्हणून गप्प बसू नका. आज वाटाही पुष्कळ आहेत. दहावीत एखादा विषय राहिला तर त्याच वर्षी पुरवणी परीक्षा देता येते. ज्याची शाळा मध्येच सुटली, त्याने पाचवी उत्तीर्ण केली असल्यास १७ नंबरचा अर्ज भरून दहावीस बाहेरून बसता येते. कामधंदा सांभाळून हे जमते. आपल्या शाळेत चौकशी करा. मास्तर वाट दाखवतील.

विद्यार्थ्यांनो, आता तुम्हांस दोन शब्द. गुणांचा कागद सरकार देईल. वाढीचा हिशेब तुम्हीच ठेवा. एक वही घ्या. गेल्या वर्षी काय येत नव्हते ते आज येते, कोणत्या गोष्टीची भीती गेली, कोणाशी वागताना चुकलो नि काय शिकलो, हे त्यात महिन्याकाठी चार ओळींनी लिहा. बाप सुतार असो, कुंभार असो की खलाशी, त्याच्या हातातले कसब पाहून काय उमगले तेही लिहा. ही वही कोणी तपासणार नाही. पण निकाल वाईट लागला त्या दिवशी ती उघडा. आपण बसलो तेथेच राहिलो नाही, हे तुमच्याच अक्षरात तुम्हांस दिसेल.

आणि पालकहो, त्या दिवशी पोरास प्रथम जेवू घाला. बोलणे दुसऱ्या दिवशी करा, आणि तेही "आता पुढे कसे?" एवढेच.