वेसावे कोणाचे?
(उपनगरातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



अंधेरी स्थानकापासून तीन-चार मैल पश्चिमेस, मालाडच्या खाडीच्या मुखाशी वेसावे हे मच्छीमारांचे गाव आहे. इंग्रजी दप्तराने त्याचे 'वर्सोवा' केले आणि मेट्रोच्या फलकावर आज तेच नाव झळकते. डोंगरी गल्ली, मांडवी गल्ली, बाजार गल्ली अशा चिंचोळ्या गल्ल्यांतून राहणाऱ्या माणसांच्या तोंडी मात्र वेसावेच टिकून आहे. तरीतून खाडी ओलांडली की काही मिनिटांत मढ लागते, आणि तेथून उत्तरेस एरंगळ, मार्वे, मनोरी, गोराई ही गावे पसरलेली आहेत. अंधेरीपर्यंतची उपनगरे १९५० साली आणि दहिसर-मुलुंडपर्यंतची १९५७ साली बृहन्मुंबईत आली. त्याआधी ही सारी साष्टी बेटावरील खेडी होती. २०११ च्या जनगणनेत उपनगर जिल्ह्याची वस्ती ९३ लाखांवर गेली. या अफाट संख्येत वेसावे हे एक टिंब आहे. पण 'मूळचे कोण आणि उपरे कोण' हा प्रश्न या टिंबाभोवती वारंवार उपस्थित केला जातो. केंद्र सरकारने २०२५ साली जातनिहाय जनगणनेचा निर्णय जाहीर केल्यापासून तर त्याला अधिकच धार आली आहे. म्हणून त्याचा शांतपणे विचार केला पाहिजे.

प्रथम वंशाची गोष्ट. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले यांनी हिंदी माणसाचे नाक मोजून त्याची सामाजिक पायरी सांगण्याचा उद्योग आरंभिला. नाक जितके रुंद, तितकी जात खालची, असा त्यांचा सिद्धान्त. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यांवरील आपल्या ग्रंथात डॉ. घुर्ये यांनी संकलित केलेल्या मोजमापांचाच आधार घेऊन या सिद्धान्ताचा निकाल लावला. ब्राह्मण आणि अस्पृश्य यांना वेगळ्या वंशांचे ठरविण्यास ती मोजमापे आधार देत नाहीत, हे त्यांनी दाखविले. इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये कवट्यांचा अभ्यास केला तेव्हा त्यांच्या मार्गदर्शकाला हवा असलेला वंशश्रेष्ठत्वाचा निष्कर्ष त्यांच्या आकड्यांतून निघाला नाही, आणि त्यांनी तो ओढूनताणून काढलाही नाही. तेव्हा वेसाव्याच्या रक्तात काय काय मिसळले आहे, हे नाक मोजून कळणारे नाही. बंदराच्या गावात मिसळण हाच नियम असतो. वेसाव्याच्या कोळ्यांची हिंगळादेवी पाहावी. तिचे मूळ पीठ दूर बलुचिस्तानात, मकरानच्या किनाऱ्याजवळ आहे. देवी समुद्रमार्गे आली की भक्तांच्या ओठांवरून आली, हा वाद भाविकांनी घालावा. ती या मातीत उगवलेली नाही एवढे मात्र नक्की.

धर्माचेही तसेच. १५३४ मध्ये वसई आणि साष्टी पोर्तुगीजांच्या हाती गेली. गावोगाव धर्मांतरे झाली. बोरिवलीजवळील मंडपेश्वरच्या शैव लेण्यांवर ख्रिस्ती मठ उभा राहिला. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांच्या मोहिमेत हा मुलूख मराठ्यांकडे आला आणि १७७४ अखेर इंग्रजांनी साष्टी घेतली. तीन राजवटी आल्या नि गेल्या. जाळे टाकणारा आणि भातखाचर नांगरणारा माणूस तोच राहिला. कोणी ख्रिस्ती झाला, कोणी हिंदूच राहिला. आगऱ्यांत तर ख्रिस्ती होऊन पुन्हा हिंदू झालेल्यांची 'उरप' नावाची पोटजातच पडली. वेसावे प्रामुख्याने हिंदू कोळ्यांचे, गोराई-मनोरीकडे ख्रिस्ती वस्ती दाट, मढला दोन्ही शेजारीशेजारी. पण घरातली बोली मराठी, बोंबील वलांडीवरच वाळणार, आणि सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेला हिंदू कोळीणही मेणबत्ती घेऊन जाणार.

या ख्रिस्ती बांधवांना 'ईस्ट इंडियन' हे नाव कसे मिळाले, याचा इतिहास कार्यकर्त्यांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. रेल्वे आणि गोऱ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांतील नोकऱ्यांसाठी गोव्याहून आणि मंगळुराहून ख्रिस्ती तरुण मुंबईत येऊ लागले. त्यांची आणि साष्टीच्या ख्रिस्त्यांची आडनावे सारखीच, धर्म एकच. साहेबाला फरक कळेना. स्थानिक ख्रिस्त्यांना तर 'पोर्तुगीज'च म्हटले जाई. तेव्हा आपण या मुलखातले, कंपनी सरकारचे जुने प्रजाजन, हे ठसविण्यासाठी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून १८८७ साली त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले आणि त्या नावाची संस्था स्थापन केली. मराठी बोलणाऱ्या, भात पिकविणाऱ्या आणि मासे मारणाऱ्या लोकांनी एका परदेशी व्यापारी कंपनीच्या नावाची आठवण करून देणारे नाव स्वीकारले, याला हसू नये. पोटापाण्याच्या स्पर्धेत माणसाला आपली वेगळी ओळख सांगावी लागते, आणि ती मालकाला समजेल अशा भाषेत सांगावी लागते. आज 'जमात' म्हणून ज्याची नोंद होते, त्याचा जन्म नोकरभरतीच्या रांगेत झाला!

स्वातंत्र्यानंतरचे सरकारही या कप्प्यांच्या मोहातून सुटले नाही. महादेव कोळी, मल्हार कोळी, टोकरे कोळी अनुसूचित जमातीत. समुद्रावरचा कोळी मात्र पुढे केलेल्या 'विशेष मागास प्रवर्गा'त. आरेच्या पाड्यांतील वारली अनुसूचित जमातीचा. पण १९४९ साली दुग्धवसाहत उभारताना आणि २०१९ साली मेट्रोच्या कारशेडसाठी एका रात्रीतून झाडे तोडताना त्या दाखल्याने त्याच्या पायाखालच्या जमिनीचे रक्षण केले नाही. कप्पा शिक्षणात आणि नोकरीत उपयोगी पडतो, त्याचे मोल कमी लेखू नये. जमिनीच्या वेळी मात्र तो मुका होतो.

आणि साष्टीचा खरा इतिहास जमिनीचा आहे. इंग्रजी अमलात येथील गावेच्या गावे मुंबईतील धनिकांना देण्यात आली. महसूलमाफीच्या त्या इस्टेटी मोडण्यासाठी १९५१ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. खोती गेली, आणि तिच्या जागी बांधकामदार आला. वेसाव्याच्या पाठीशी असलेल्या पाणथळीत भराव पडून लोखंडवालासारख्या वसाहती उठल्या. होडी शाकारण्याची जागा, जाळी विणण्याची जागा, मासळी वाळविण्याचे मैदान यांना कोळी 'आमचे' म्हणतो. नगररचनाकाराच्या नकाशात ते 'मोकळे' असते. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने मुंबईतील कोळीवाडे नकाशावर आखावेत असे सांगितले. त्या सीमांकनाचा घोळ २०१८ साली शहराचा विकास आराखडा मंजूर होतानाही मिटला नव्हता. वेसाव्याच्या समोरच्या पाण्यात सागरी सेतूचे काम मात्र हाती घेतले गेले.

येथे एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. कोळीवाडा म्हणजे एकसंध श्रमिकांचे गाव, हे चित्र जुने झाले. पूर्वी होडीवर घरचेच लोक जात आणि मासळीचे वाटे पडत. साठच्या दशकापासून कर्जे आली, यंत्रे आली, होड्या मोठ्या झाल्या आणि घरची माणसे पुरेनात. शिकलेली मुले समुद्रावर जाईनात. आज वेसाव्याच्या ट्रॉलरवर नाखवा कोळी असला तरी खलाशी उत्तर प्रदेशचा, बिहारचा, आंध्रचा किंवा पालघर जिल्ह्यातला आदिवासी असतो. हंगामभर तो होडीवरच राहतो, होडीवरच शिजवितो. १ जूनला मासेमारी बंद झाली की गावी लावणीला जातो आणि ऑगस्टात परततो. रेशनकार्ड त्याच्या गावचे, मतदान तिकडचे, घाम मात्र येथला. बंदरावरच्या बाजारात परप्रांतीय विक्रेत्याशी कोळणीची जी चुरस चालते, तिला १९६६ पासून या शहरात रुजलेल्या भूमिपुत्राच्या राजकारणाने नेहमीच खतपाणी घातले. कोळणीची तक्रार खोटी नाही: मासळी विकण्याची तिची पिढीजात जागा खरोखरच आकुंचत आहे. पण ती जागा डोक्यावर पाटी घेतलेल्या भय्याने घेतली की रस्ता रुंद करणाऱ्या, बाजार पाडून संकुल बांधणाऱ्या योजनेने, याचा हिशेब गल्लीत बसून मांडला पाहिजे. तसाच नाखव्यालाही प्रश्न विचारला पाहिजे. कोळीवाड्याच्या हक्कासाठी मोर्चात पुढे चालणारा नाखवा आपल्या खलाशाला काय मजुरी देतो, त्याचा विमा उतरवितो की नाही? हा प्रश्न विचारल्याने कोळीवाड्याची बाजू दुबळी होते, असे काही मित्रांना वाटते. ती भीती समजण्यासारखी आहे, तरी मानण्यासारखी नाही. खलाशाला सोबत न घेता लढणारे गाव अर्धे गाव असते, आणि विरोधक नेमके तेच अर्धेपण हेरतात.

आता जनगणना. १९३१ नंतर सर्व जातींचे आकडे जनगणनेतून प्रसिद्ध झाले नाहीत. ते येणार असतील तर त्यांचे स्वागतच आहे. विषमता झाकून ठेवून कोणाचे भले झालेले नाही. परंतु वेसाव्यात कोळी किती, एवढाच आकडा हाती आला तर त्याचा उपयोग उमेदवार निवडण्यापलीकडे होणार नाही. कोळी किती, याबरोबर होडी किती कोळ्यांची, घराखालची जमीन कोणाच्या नावावर, किती कुटुंबे भाड्याने राहतात, किती स्त्रिया अजून मासळी विकून घर चालवितात, हेही कळले पाहिजे. सरकारी प्रगणकाच्या तक्त्यात हे सारे बसणार नाही. ते गल्लीगल्लीतून मच्छीमार सहकारी सोसायटीच्या आणि महिला मंडळांच्या मदतीने कार्यकर्त्यांनीच टिपून घ्यावयाचे आहे, आणि त्याला कोळीवाड्याच्या हद्दीचा, वाळवणीच्या जागेचा हाताने काढलेला नकाशा जोडावयाचा आहे.

आणखी एक गोष्ट. या जनगणनेची संदर्भवेळ १ मार्च २०२७ च्या मध्यरात्रीची ठरली आहे. तो मासेमारीचा ऐन हंगाम. त्या रात्री वेसाव्याचे अनेक खलाशी समुद्रावर असतील. गावाकडच्या यादीत ते 'मुंबईला गेलेले' आणि वेसाव्याच्या यादीत कोणीच नाहीत, असे होऊ नये. प्रत्येक होडीवरील माणसांची नावे, त्यांचे जिल्हे आणि त्यांच्या नाखव्याचे नाव लिहिलेली वही त्याआधी तयार असली पाहिजे, आणि ती लिहिताना तांडेलाबरोबर एक तरी खलाशी बसलेला असला पाहिजे.