ज्या रकान्यावरून काम ठरतं



माहितीचं विश्लेषण हा विषय निघाला की आपल्याला पुण्या-मुंबईची सभागृहं आठवतात. हे संमेलन अकोले इथे भरलं याचा मला मनापासून आनंद आहे, कारण वर्गीकरण शिकायचं तर ते याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावात शिकता येतं. तिथल्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांनी गावरान बियाणं जपलं म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. मला त्यातली आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. शाळेत न गेलेल्या या बाईंनी ते बियाणं वाणावाणाने ओळखून, वेगळं ठेवून, ज्याच्या त्याच्या गुणांसह जपलं. ‘बाएफ’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी त्या ज्ञानाला नोंदींची जोड दिली आणि गावात बियाणे बँक उभी राहिली.

भाताचंच घ्या. हळवं, निमगरवं, गरवं ही वर्गवारी इथल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे आणि कृषी विद्यापीठंही तीच वापरतात. साधारण १२० दिवसांच्या आत येतं ते हळवं, १३५ दिवसांच्या पुढे जातं ते गरवं. पण शेतकऱ्याच्या मनात दिवसांबरोबर जमीनही असते. उतारावरच्या, पाणी न धरणाऱ्या तुकड्यात हळवं. पाणी साठणाऱ्या खाचरात गरवं. वर्ग कळला की कुठे लावायचं आणि कधी कापायचं हेही कळलं. वर्गातून पुढची कृती ठरते का, ही एकच कसोटी मी मानते.

यात अडचण नाही असं नाही. काळभात, रायभोग, जिरवेल, कोळपी ही नावं डोंगर ओलांडला की बदलू शकतात. एका नावाखाली दोन वाणं निघतात, एका वाणाला दोन नावं सापडतात. नुसत्या नावांवरून यादी केली तर बेरीज खोटी ठरते. म्हणून फुलोऱ्याचे दिवस, दाण्याची लांबी, तुसाचा रंग, कुसळ आहे की नाही, हे लिहायचं आणि शेतकऱ्याने सांगितलेलं नावही तसंच ठेवायचं. वाण संरक्षणाच्या २००१च्या कायद्याखाली शेतकऱ्याला आपलं वाण नोंदवता येतं, पण त्याचं वेगळेपण अशा लक्षणांनीच दाखवावं लागतं.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९०च्या दशकात ३९ गावांत नवजात बाळांची घरोघरी नोंद ठेवली. रडणं क्षीण झालं का, दूध ओढणं मंदावलं का, बेंबीतून पू येतो का, अशी निरीक्षणं गावातल्याच आरोग्यदूत बायांनी टिपली. त्या नोंदींच्या विश्लेषणातून जंतुसंसर्ग ओळखण्याचा साधा नियम निघाला: सात लक्षणांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी दिसली तर उपचार सुरू. प्रयोगशाळा नाही, यंत्र नाही. घरोघरच्या या सेवेमुळे तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला, हे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. नोंद करणारी बाई आणि उपचार करणारी बाई एकच होती. माझ्या मते या यशाचं मर्म तिथे आहे.

आता आपल्या नोंदवह्यांकडे वळते. या तालुक्यातली कितीतरी कुटुंबं भातकापणी उरकली की नारायणगावकडे मजुरीला जातात. वहीत त्या घरातल्या मुलासमोर ‘गैरहजर’ लिहिलं, तर शिक्षक पालकांना दोष देतील. ‘स्थलांतरित’ असा वेगळा रकाना करून गाव आणि परतीचा महिना लिहिला, तर तिकडच्या शाळेला आणि अंगणवाडीला कळवता येईल. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेलेलं मूल तीव्र कुपोषित धरतात. ते मूल गावाबाहेर गेलं म्हणून यादीतून गळालं, तर आपला तक्ता सुधारतो आणि मूल तसंच राहतं. हे मला फार लागतं. आता मोबाईल आणि संगणक क्षणात हजारो नोंदी लावून देतात, पण आपण जे वर्ग आखून देऊ त्यातच ते लावणार.

आणखी एक. माहिती ज्यांची, त्यांना ती परत मिळायला हवी. निधी देणाऱ्यांना अहवाल जातो, ग्रामसभेत मात्र तो क्वचितच वाचला जातो. आजार आणि कर्ज यांच्या नोंदी जाहीर वाचताना नावं झाकायची, बाकी आकडे उघड्यावर मांडायचे. चूक असेल तर गावच ती दुरुस्त करील.

दुपारच्या सत्रात प्रत्येक संस्थेने आपला एक फॉर्म काढावा आणि दर रकान्यासमोर लिहावं: या उत्तरावर कोण, कधी, काय करणार? जिथे लिहायला काही सापडणार नाही, तो रकाना तिथेच खोडावा. खोडलेल्या रकान्यांची एकत्र यादी निधी देणाऱ्या संस्थांना पाठवावी, असा ठराव मी अध्यक्ष या नात्याने मांडते. सूचक म्हणून माझं नाव लिहा; अनुमोदन सभागृहातून यावं.