शाळेचे दप्तर आणि जाळ्यावरची साठवण-पेटी

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील केंद्रप्रमुख व मुख्याध्यापक यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्राथमिक शाळेच्या कपाटातील सर्व वस्तूंत किमतीने अल्प, परंतु मोलाने सर्वांत थोर अशी एक वस्तू असते. ती म्हणजे दाखल-खारीज नोंदवही. शाळाशाळांतून तिला ‘जनरल रजिस्टर’ याच नावाने ओळखतात. फळा फुटला तर नवा आणता येतो, छप्पर गळले तर दुरुस्त करता येते. परंतु १९४० साली पहिलीत बसलेल्या मुलाची नोंद ज्या पानावर आहे, ते पान एकदा नष्ट झाले म्हणजे कोणत्याही अनुदानातून ते पुन्हा मिळत नाही. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. त्यापूर्वी प्राथमिक शाळांचा कारभार जिल्हा स्कूल बोर्ड पाहत असे आणि त्याच्याही आधी लोकल बोर्ड. कारभारी बदलले, पाट्या बदलल्या. नोंदवही मात्र कपाटातच राहिली.

या वहीचे महत्त्व केवळ शाळेपुरते नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ साली झाला. तत्पूर्वी जन्मलेल्या असंख्य माणसांच्या वयाचा लेखी पुरावा शाळेच्या दाखल्याखेरीज दुसरा नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ९४ नेही वय ठरविताना शाळेच्या जन्मतारखेच्या दाखल्यास अग्रस्थानी मानले आहे. ७ सप्टेंबर २०२३ रोजी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदींसंबंधी समिती नेमली. त्यानंतर राज्यभर शाळांच्या जुन्या वह्या धूळ झटकून उघडल्या गेल्या. ज्या पानाकडे कित्येक वर्षांत कोणी पाहिले नव्हते, त्याच पानावर एखाद्या कुटुंबाचे पुढील भवितव्य अवलंबून असल्याचे तेव्हा सर्वांच्या ध्यानी आले.

बारामती व इंदापूर या तालुक्यांत या गोष्टीस आणखी दोन कारणांनी महत्त्व आहे. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि इंदापूर तालुक्यातील पळसदेवसारख्या गावांना जुनी जागा सोडून नव्या जागी वसावे लागले. जे गावठाण पाण्याखाली गेले, तेथे कोण राहत होते याची साक्ष शाळेच्या नोंदीही देतात. दुसरे कारण ऊसतोडीचे. हंगामात माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखान्यांच्या परिसरात मजुरांची कुटुंबे येतात आणि हंगाम सरताच परत जातात. त्यांची मुले एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जातात. अशा मुलाजवळ घर, शेत, शिधापत्रिका यांपैकी काही स्थिर नसले तरी त्याचे शाळेतील नाव स्थिर असले पाहिजे.

आता धोक्यांचा विचार करू जाता त्यांची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुणे शहरातील घरेदारे, दुकाने व कागदपत्रे यांची वाताहत झाली. सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस कऱ्हा नदीला पूर आला आणि बारामतीतील नदीकाठच्या लोकांना रातोरात हलवावे लागले. मे २०२५ च्या अखेरच्या आठवड्यात बारामती-इंदापूर भागात अतिवृष्टी झाली, नीरा डावा कालवा फुटला आणि पाणी वस्त्यांत शिरले. पाण्याप्रमाणेच अग्नीही कागदाचा वैरी. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागून हजारो नस्त्या भस्मसात झाल्या. ज्या नस्त्यांची पाने आगीपूर्वीच स्कॅन करून अन्यत्र ठेवलेली होती, त्यांतील मजकूर तेवढा वाचला. याखेरीज वाळवी, ओल आणि फिकट होत जाणारी शाई हे शत्रू काही गाजावाजा न करता रोज आपले काम करीतच असतात.

यावर उपाय म्हणून ज्या साधनाचा विचार करावयाचा ते म्हणजे संगणकांच्या जाळ्याला जोडलेली साठवण-पेटी. व्यवहारात तिला ‘नॅस’ म्हणतात. तिचे स्वरूप अगदी साधे आहे. पाठ्यपुस्तकांच्या लहानशा गठ्ठ्याएवढ्या पेटीत दोन किंवा अधिक हार्ड डिस्क बसविलेल्या असतात. पेटीला स्वतःचा छोटा संगणक असतो. पडदा व कळफलक मात्र नसतो. एका तारेने ती राऊटरला जोडली की त्याच राऊटरवरील कार्यालयाचा संगणक, शिक्षकांचे लॅपटॉप आणि मोबाईल या सर्वांना ती एका सामाईक कपाटासारखी दिसू लागते. कोणी कोणता कप्पा उघडावा, कोणी केवळ वाचावे आणि कोणी लिहावे हे त्यात ठरवून देता येते. इंटरनेट बंद असले तरी शाळेच्या आतील जाळ्यावर तिचे काम चालूच राहते, ही ग्रामीण भागात लहानसहान सोय नव्हे.

येथे काही शंका निघणे स्वाभाविक आहे. ‘सरल’ प्रणाली २०१५ पासून चालू आहे, यूडायसवर विद्यार्थ्यांची माहिती भरली जाते. मग हा वेगळा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर असे की, त्या प्रणालींत या काळातील विद्यार्थ्यांची माहिती आहे. आजोबा-पणजोबांच्या नोंदींच्या पानांची प्रतिमा तेथे नाही. दुसरी शंका अशी की, पानांचे फोटो शिक्षकांच्या मोबाईलमध्ये आहेतच. परंतु शिक्षकाची बदली होते, मोबाईल बदलतो, आणि व्हॉट्सअॅपवरून फिरलेल्या चित्रातील बारीक अक्षर पुसट होते. तिसरी सूचना इंटरनेटवरील भाड्याच्या साठवणीची. ती त्याज्य नाही. मात्र असे खाते बहुधा एखाद्या व्यक्तीच्या नावे उघडलेले असते, आणि ती व्यक्ती गेली की किल्लीही जाते.

पेटी केवढी असावी याचा हिशेब कठीण नाही. नोंदवहीचे एक पान तीनशे डीपीआय या प्रमाणाने रंगीत स्कॅन केले तर त्यास सुमारे ३ एमबी जागा लागते असे धरावे. दोनशे पानांच्या वहीस ६०० एमबी, अशा दहा वह्यांस ६ जीबी, आणि दहा शाळांच्या केंद्रास ६० जीबी. बाजारात सहज मिळणाऱ्या २ टीबीच्या डिस्कमध्ये याच्या तीसपटीहून अधिक मजकूर मावतो. म्हणजे प्रत्येक शाळेने स्वतंत्र पेटी घेण्याचे प्रयोजन नाही. केंद्रशाळेत एक लहान पेटी पुरे. खरा खर्च पैशाचा नसून श्रमाचा आहे. दहा शाळांची मिळून वीस हजार पाने होतात. दिवसाला दोनशे पाने झाली तरी शंभर दिवस लागतील. म्हणून सर्वांत जुनी आणि सर्वांत जीर्ण वही प्रथम घ्यावी. जीर्ण वहीची शिवण ताणू नये. ती सपाट दाबण्यापेक्षा वरून कॅमेऱ्याने प्रतिमा घ्यावी. प्रत्येक प्रतिमेस शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांक, वहीचा क्रमांक आणि पानाचा क्रमांक याच क्रमाने नाव द्यावे. मोडीतील पान वाचता येत नाही म्हणून ते वगळू नये. वाचणारा पुढे भेटेल, पान मात्र भेटणार नाही.

यापुढील मुद्दा या व्याख्यानाचा गाभा होय. पेटीत दोन डिस्क असतात आणि लिहिलेले प्रत्येक अक्षर दोन्हींवर उमटते. या योजनेला ‘रेड’ म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ मध्ये हे नाव रूढ केले. एक डिस्क बिघडली तरी दुसरीवर काम चालू राहते आणि नवी डिस्क बसविली की मजकूर तिच्यावर पुन्हा उतरतो. एवढ्यावरून पुष्कळांचा असा समज होतो की, आता आपल्याजवळ दोन प्रती झाल्या. हा समज घातक आहे. कोणी चुकून एक कप्पा पुसला तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसला जातो. पेटी पाण्यात गेली तर दोन्ही डिस्क एकत्रच जातात. चोराने पेटी नेली तर तो एक डिस्क मागे ठेवून जात नाही. एकाच घरात राहणारी जुळी भावंडे घराला आग लागली असता एकमेकांना वाचवू शकत नाहीत. सारांश, दोन डिस्क म्हणजे दोन प्रती नव्हेत.

याकरिता छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रसिद्धीस आणलेला एक नियम ध्यानी धरण्याजोगा आहे: प्रती तीन असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक अन्य ठिकाणी असावी. या दोन तालुक्यांत तो सहज पाळता येईल. पहिली प्रत केंद्रशाळेच्या पेटीत. दुसरी एका सुट्या डिस्कवर. ही डिस्क प्रत उतरविण्यापुरती जोडावी आणि लगेच काढून कुलपात ठेवावी. तिसरी तशीच डिस्क परगावी असावी. बारामतीतील केंद्राने आपली डिस्क इंदापुरातील केंद्राकडे आणि इंदापूरच्या केंद्राने आपली बारामतीकडे ठेवावयास द्यावी. जुन्या काळी प्रवासाला निघालेला माणूस आपला डबा विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवून जाई, तशातलाच हा प्रकार. तथापि केवळ अंतरावर विसंबू नये. मे २०२५ च्या पावसाने दोन्ही तालुक्यांना एकाच वेळी गाठले होते. म्हणून ओढा व कालवा यांच्यापासून दूर, शक्य तर वरच्या मजल्यावरील खोली निवडावी.

पेटीच्या जागेविषयीही दक्षता हवी. उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली ती तापते. कारखान्याच्या हंगामात वाऱ्याबरोबर येणारी काजळी तिच्या पंख्यात बसते. हवेशीर, कोरडी, सावलीची जागा असावी आणि पंखा वेळोवेळी स्वच्छ करावा. वीज अकस्मात गेली तर चालू लेखन अर्धवट राहून मजकूर बिघडण्याचा संभव असतो. यास्तव यूपीएस आवश्यक आहे. वीज गेल्यावर यूपीएसच्या इशाऱ्याने पेटी आपोआप नीट बंद होईल अशी जोडणी बहुतेक पेट्यांत करता येते.

पाणी व वीज यांच्याइतकाच नवा धोका दूरस्थ चोराचा आहे. २०२१ व २०२२ या वर्षांत जगभर हजारो घरे व लहान कार्यालये यांतील अशा पेट्यांवर खंडणीखोरांनी हल्ले केले; आतील मजकूर कुलूपबंद करून किल्लीसाठी पैसे मागितले. ज्या पेट्या थेट इंटरनेटवर उघड्या ठेवलेल्या होत्या त्यांना याची झळ विशेष पोहोचली. म्हणून घरबसल्या नोंदी पाहण्याचा मोह टाळावा आणि पेटी शाळेच्या जाळ्यापुरतीच ठेवावी. कारखान्याहून आलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. पेटीच्या आज्ञावलीच्या सुधारित आवृत्त्या वेळेवर घ्याव्यात. आणि ठरावीक वेळेची स्थिती जपून ठेवणारी ‘स्नॅपशॉट’ची सोय असेल तर ती चालू करावी. नोंदवहीत मुलांची जात, जन्मतारीख, पालकांची नावे असतात. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मुलांच्या माहितीबाबत विशेष जबाबदारी सांगितली आहे. तेव्हा एका मुलाचा उतारा मागणाऱ्यास संपूर्ण वही दाखविणे जसे अयोग्य, तसेच सर्व शिक्षकांना सर्व कप्पे खुले करणेही अयोग्य.

आणखी दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे. प्रतिमा ही मूळ वहीची जागा घेत नाही. दाखला मूळ वहीवरूनच द्यावा, आणि प्रतिमा तयार झाली म्हणून वही रद्दीत टाकू नये. प्रतिमेत दुरुस्ती करणे तर सर्वथैव निषिद्ध समजावे. दुसरी गोष्ट किल्लीची. पेटीचा पासवर्ड सीलबंद लखोट्यात मुख्याध्यापकांच्या कुलपात असावा, आणि बदलीच्या वेळी कार्यभाराच्या यादीत जशी कपाटाची किल्ली लिहितात तशीच पेटी, सुट्या डिस्क आणि लखोटा यांची नोंद व्हावी.

शेवटी, जी प्रत कधी उघडून पाहिली नाही ती प्रत आहे असे मानू नये. प्रत्येक सत्राच्या आरंभी केंद्रप्रमुखांनी परगावच्या डिस्कवरून कोणत्याही एका वहीचे कोणतेही एक पान मागवावे, ते मूळ पानाशी ताडून पाहावे आणि तारखेसह नोंद करावी. या कामास अर्धा तास पुरतो. पान स्पष्ट निघाले तर व्यवस्था खरी. न निघाले तर दोष संकटापूर्वीच कळला, हाही लाभच. पेटी विकत घेता येते, दक्षता विकत मिळत नाही. दाखल होणारे मूल आपले नाव विश्वासाने शाळेच्या स्वाधीन करते. साठ वर्षांनी ते नाव मागावयास कोणी आले, तर ते देता यावे एवढी तजवीज आज करणे हे शिक्षकाच्या नित्य कर्तव्यांतीलच एक कर्तव्य होय.