गणिताची थकबाकी
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेबांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. आयुष्यभर बँकेत नोकरी केली, त्यामुळे काउंटर वेळेवर बंद करायची सवय आहे. काळजी नसावी.

आपल्या 'बी' विंगच्या खाली, पार्किंगमध्ये, दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहा ते साडेसात एक गणिताचा वर्ग चालतो, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलं आहे. जाता-येता काही जण विचारतात, "काका, हे काय चाललंय?" त्याचा हिशेब आज सादर करतो.

कोविडनंतर शाळा पूर्ववत सुरू झाल्या, तेव्हा आम्ही चार सेवानिवृत्त सभासदांनी हा वर्ग सुरू केला. आज पटावर १९ मुलं आहेत. कुणाची आई आपल्याकडे पोळ्या करते, कुणाचे वडील आपले वॉचमन आहेत, काही मुलं मागच्या वस्तीतली आहेत. आणि हेही सांगतो, तीन मुलं आपल्याच संस्थेतल्या घरांतली आहेत.

आता प्रश्न येतो, मुलं शाळेत जातात, मग आणखी हे कशाला? बँकेच्या भाषेत सांगतो. कर्जाचा एक हप्ता थकला तर फार बिघडत नाही, पण तो तसाच राहिला की व्याजावर व्याज चढतं. गणिताचं अगदी तसंच आहे. दुसरीत हातच्याची वजाबाकी राहिली की चौथीत भागाकार अडतो, भागाकार अडला की सहावीत अपूर्णांक अडतात आणि आठवीत मूल म्हणतं, "मला गणित येतच नाही." आपल्या घरात मूल मागे पडलं की आठवड्याभरात क्लास लावला जातो. म्हणजे थकबाकी लगेच भरली जाते. ज्या आईला सकाळी सहापासून चार घरची कामं असतात, तिच्या मुलाची थकबाकी भरायला कुणी नसतं. दोन मुलांमधलं अंतर बुद्धीचं नसतं, ते इथे पडतं.

हा प्रश्न आपल्या गल्लीपुरता नाही. देशाच्या ग्रामीण भागातल्या मुलांची पाहणी करणारा 'असर' अहवाल असतो. २०२४च्या अहवालानुसार पाचवीतल्या शंभर मुलांपैकी जेमतेम एकतीस मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं.

मूल कुठे अडतं हे मात्र शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे एक मुलगा आहे, काकाच्या भाजीच्या गाडीवर बसतो. १३७ रुपयांची भाजी घेऊन दोनशे दिले तर त्रेसष्ट रुपये डोळ्याचं पातं लवायच्या आत परत देतो. त्याच मुलाला कागदावर २०० वजा १३७ मांडून दिलं, तर उत्तर लिहिलं १३७! शून्यातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून शून्य काढलं. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केला. त्याला गणित येत होतंच. गाडीवरचं गणित आणि वहीतलं गणित एकच आहे, हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं. २०२५ साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबद्दल हेच निरीक्षण प्रसिद्ध झालं आहे.

मग आम्ही काय केलं? बँकेत शंभर नोटांचं एक पाकीट असतं आणि दहा पाकिटांचं एक बंडल. जुन्या कॅलेंडरचे कागद कापून तशा नोटा केल्या. शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा घ्या, त्यातली एक मोडून सुटे दहा घ्या, आता सात द्या. 'हातचा' म्हणजे काय, हे पोरांना हातात धरून कळलं. तीन आठवडे लागले, पण नंतर त्या मुलाचं अडलं नाही.

दुसरी अडचण आपल्या भाषेतल्या अंकांची. 'बावन्न' म्हणताना आधी दोन ऐकू येतात, म्हणून मूल २५ लिहितं. 'एकोणसत्तर' ऐकलं की सत्तर कानात राहतं आणि ७९ लिहिलं जातं. एकोणनव्वदपर्यंत कसंबसं जमतं, तर पुढे नव्याण्णव येऊन नियमच मोडतो! २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. गणितज्ञ मंगला नारळीकर त्या समितीच्या प्रमुख होत्या. त्या वादात मी पडत नाही. आम्ही दोन्ही म्हणून घेतो, आधी 'पन्नास दोन', मग 'बावन्न'. परप्रांतातून आलेल्या मुलांना त्याचा फार उपयोग होतो.

"आम्ही काही शिक्षक नाही," असं पुष्कळ जण म्हणतात. मुंबई आणि बडोद्यात 'प्रथम' संस्थेने मागे पडलेल्या मुलांसाठी वस्तीतल्याच तरुणींना 'बालसखी' म्हणून नेमलं होतं. त्यांच्याकडे बी.एड.ची पदवी नव्हती. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कामाचं मोजमाप केलं, तेव्हा मुलांची प्रगती झाल्याचं स्पष्ट दिसलं. याच दोघांना २०१९ साली मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बॅनर्जींच्या आई मराठी बरं का! सांगायचं एवढंच, की इयत्तेला धरून न शिकवता मूल जिथे आहे तिथून शिकवायचं. त्याला पदवीपेक्षा धीर आणि नियमितपणा लागतो. आणि आपल्या पिढीकडे तर पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकीची ठेव पडून आहे. ती मुदत ठेवीसारखी किती दिवस ठेवायची?

सगळं गोड आहे असं मात्र नाही. समोरच्या बांधकामावरचा एक हुशार मुलगा होता. स्लॅबचं काम संपलं, कुटुंब दुसऱ्या साइटवर गेलं, मुलगा गेला. तो भागाकारापर्यंत आला होता. आता कुठे आहे, माहीत नाही. चार घरी स्वयंपाक करणाऱ्या ताईंची मुलगी सातवीत असूनही वजाबाकीवर अडली होती. ती आता समीकरणं सोडवते आणि शुक्रवारी लहान मुलांना पाढे म्हणायला लावते. एक खातं हातचं गेलं, एक सुरळीत झालं.

आता मुद्द्यावर येतो. पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी येतं, डास असतात, सहानंतर फळा दिसत नाही. गेल्या पावसाळ्यात सात वर्ग रद्द करावे लागले. म्हणून आठवड्यातून दोन संध्याकाळी संस्थेचा हॉल वर्गाला मिळावा, असा ठराव येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत येणार आहे. काही सभासदांचा विरोध आहे, आणि त्यांचे प्रश्न रास्त आहेत. विजेचं म्हणाल तर तीन पंखे आणि दोन एलईडी ट्यूब दीड तास चालवल्या तर महिन्याला चार युनिटांच्या आत खर्च येतो. तो आम्ही चौघे भरू. सुरक्षेसाठी मुलांची यादी गेटवर राहील, आणि आमच्यापैकी एक जण शेवटचं मूल बाहेर पडेपर्यंत थांबेल. लग्न-मुंज, बारसं यांसाठी कुणी हॉल घेतला असेल तर वर्ग त्या दिवशी खाली भरेल. राहिला प्रश्न "आपल्या मुलांचं काय?" तर वर्ग त्यांनाही खुला आहे. शेजारी कोण बसलंय याने नऊचा पाढा बदलत नाही.

दुसरी विनंती माणसांची. आम्हा चौघांत सगळ्यात तरुण सभासद अडुसष्ट वर्षांचा आहे, मी चौऱ्याहत्तरचा. गुडघे आणि डोळे आपापल्या नोटिसा पाठवू लागले आहेत. आठवड्यातला दीड तास देणारी आणखी चार माणसं मिळाली, तर एका माणसामागे तीनच मुलं राहतील. नावं सेक्रेटरीसाहेबांकडे द्यावीत.

पंचवीस वर्षांत आपण कर्ज फेडलं, लिफ्ट बदलली, पाण्याची टाकी बांधली. सिंकिंग फंडात दरमहा थोडं थोडं टाकतो, ते उद्या इमारत खचू नये म्हणून. आपल्याच आवारात वाढणाऱ्या या मुलांच्या नावावर आठवड्याला दीड तास टाकायला काय हरकत आहे? सभेच्या दिवशी हात वर करताना एवढा विचार व्हावा.

माझी दहा मिनिटं संपली. काउंटर बंद.