घरगुती मुद्रित मंडल आणि तलावाचे पाणी
(अधारताल येथे मंडळाच्या सभासदांसमोर दिलेले व्याख्यान)



विद्युत्प्रवाहाच्या मार्गाला परिभाषेत ‘मंडल’ म्हणतात. तेव्हा मंडळाच्या व्यासपीठावर मंडलाविषयी बोलण्यास आम्हांला संकोच वाटत नाही. रेडिओ उघडताच जी पातळ पाटी दिसते, ते मुद्रित मंडल, बाजारातले ‘पीसीबी’. पूर्वी एकेक जोड तारेने, डाख देऊन करावा लागे. पाउल आइस्लर या मूळच्या व्हिएन्नाच्या अभियंत्याने १९३६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये मुद्रित मंडलाचा रेडिओ सिद्ध केला आणि तारांचे ते जंजाळ सुटण्याची वाट दिसली.

आपल्या घरांतील मुलेही आज अशी पाटी करतात. फायबरच्या साधारण १.६ मिलिमीटर जाड पाटीवर तांब्याचा सुमारे ३५ मायक्रोमीटरचा थर असतो. हवे तेवढे मार्ग पक्क्या शाईने वा नखरंगाने झाकावयाचे आणि पाटी फेरिक क्लोराइडच्या द्रावणात हलवीत ठेवावयाची. उघडे तांबे विरघळते, झाकलेले उरते. पात्र प्लास्टिकचे असावे, स्वयंपाकघरातले नसावे. हातमोजे व चष्मा अवश्य हवेत. तयार पाट्या आज स्वस्तात मागविता येतात हे खरे. पण सायंकाळी आखलेले मंडल रात्रीच चालवून पाहण्यातून जे शिक्षण मिळते, ते विकत मिळत नाही. म्हणून मुलांना अडवू नये, असेच आम्ही म्हणू.

आमचे सांगणे आहे ते उरलेल्या द्रावणाविषयी. पाटीवरचे तांबे नाहीसे झालेले नसते. ते पाण्यात उतरलेले असते. तांब्याचे क्षार अल्प प्रमाणातही मासे व शैवाल यांना घातक ठरतात, शिवाय हे द्रावण धातूचे नळही खाते. ते मोरीत ओतणे सोपे; पण मोरीचे पाणी कोठे ना कोठे पोहोचतेच.

राणीताल राणी दुर्गावतीचा, चेरीताल तिच्या दासीचा आणि अधारताल दिवाण आधारसिंहाचा, असे येथील परंपरा सांगते. राणी १५६४ मध्ये रणांगणी पडली. चार शतकांपूर्वी कोणी पाणी साठविले, त्याच्या नावावर आज आपली वस्ती नांदते. येथे आपण बाहेरून आलो. पाणी मात्र पहिल्या दिवसापासून आपले म्हणून प्यालो.

यासाठी आमची एक सूचना आहे. द्रावण मंदावेपर्यंत पुन्हा पुन्हा वापरावे. नंतर ते मंडळाने ठेवलेल्या, ठळक चिठ्ठी लावलेल्या प्लास्टिकच्या एकाच डब्यात जमा करावे. आपल्यातील रसायनशास्त्राच्या शिक्षकांच्या देखरेखीखाली त्यात धुण्याचा सोडा थोडा थोडा घालावा. फेस येईल, घाई करू नये. आम्लता गेली की तांबे व लोह गाळ होऊन बसतात. गाळ आणि वरचे पाणी, दोन्ही घातक कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत यंत्रणेच्याच स्वाधीन करावीत.

सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाने पुष्कळ मोठे संकल्प केले आहेत. त्यांत या एका डब्याची भर पडावी, एवढीच आमची विनंती आहे.