सोळा रंगांचं काम

कर्जत-खालापूरच्या भातशेतीजवळ राहणाऱ्याला हिरवा रंग एकच कधी दिसत नाही. राबातल्या रोपांचा पोपटी वेगळा, लावणीनंतरचा गडद हिरवा वेगळा. आपल्या भाषेतही मोरपंखी, शेवाळी, अबोली, आमसुली अशी किती नावं! संगणकाला मात्र रंग सांगतात तो बहुधा सहा चिन्हांच्या आकड्यानं. लाल, हिरवा आणि निळा यांच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या. त्यांच्या मिश्रणातून १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंग होतात.

मी कविता टेक्स्ट एडिटरमध्ये लिहितो. साधा मजकूर लिहिण्याचा हा प्रोग्रॅम मुख्यतः प्रोग्रॅमर मंडळी वापरतात. त्यात आज्ञा एका रंगात, टिपा दुसऱ्या रंगात दिसतात. या रंगसंचाला थीम म्हणतात. ती आपली आपण करायला बसावं, तर व्हीएस कोडसारख्या एडिटरमध्ये रंग भरायच्या जागाच शेकडो. माणूस दमून उठतो.

यावर तोड निघाली आहे. ईथन शूनओव्हर यांनी २०११ साली ‘सोलराइज्ड’ हा रंगसंच केला, तो फक्त सोळा रंगांचा. ख्रिस केम्पसन यांच्या ‘बेस१६’नं त्या विचाराचा साचाच केला. आठ रंग पार्श्वभूमीपासून अक्षरांपर्यंतच्या छटांचे, आठ उठावाचे. प्रत्येकाला काम नेमून दिलेलं. आपण सोळा रंग ठरवायचे, बाकीच्या जागा साचा भरतो. एक रंग बदलला की तो जिथे जिथे आहे, तिथे तिथे बदलतो.

रंगाला काम नेमून देणं आपल्याला नवं नाही. जुन्या पोथ्यांत मजकूर काळ्या शाईनं, खुणा हिंगुळानं आणि चुकलेल्या अक्षरावर हरताळ. ‘हरताळ फासणं’ तिथूनच आलं. तजवीदच्या रंगीत कुराणातही अक्षराचा रंग उच्चाराचा नियम सांगतो. तो शोभेसाठी नसतो.

पन्नाशी ओलांडलेल्या डोळ्यांना याचं मोल कळतं. काळ्या पडद्यावर फिकट करडी अक्षरं रुबाबदार दिसतात, पण देवनागरीचा अनुस्वार त्यात बुडतो. ‘चिंता’ची ‘चिता’ व्हायला एक टिंब पुरे! वेबवरच्या मजकुरासाठीचा मान्य दंडक सांगतो, की साध्या आकाराची अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण निदान ४.५ ला १ असावं. एडिटरलाही तोच लावावा. शिवाय काहींना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. म्हणून चूक नुसत्या लाल रंगानं न दाखवता तिच्याखाली रेघही हवी.

तेव्हा सुरुवात दोनच रंगांनी करा, कागदाचा आणि शाईचा. त्यांत एक पान वाचा, दिवसाउजेडी आणि रात्रीही. सगळे अनुस्वार, रफार दिसले, की मग तिसरा रंग घ्या. आणि त्याला आधी विचारा, बाबा, तुझं काम काय?